पन त्यामा तू काय करं?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बंगलोरच्या एका मुलाखतीत ‘तुमच्याबद्दल थोडं सांगा’ या प्रश्नाला मी अकरा मिनिटं उत्तर दिलं. कॉलच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती म्हणून आकडा पक्का आहे. सुरुवात २००५ पासून केली. जळगावला इंजिनिअरिंग, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची डिग्री, मग पुण्यात कॉट बेसिसवर तिघांच्या खोलीत राहून शोधलेली पहिली नोकरी, तिथला पहिला प्रोजेक्ट, मग दुसरा. २०११ पर्यंत पोचलो असेन, तेव्हा समोरच्या मुलाच्या चष्म्यावरचा उजेड बदलला. पांढऱ्याचा निळा झाला. म्हणजे त्याने दुसरी खिडकी उघडली होती. मला ते दिसत होतं, तरी माझी गाडी थांबेना. २०११ वर आलोय तर २०२४ पर्यंत जाऊनच थांबू, असं काहीतरी डोक्यात होतं.

एकोणीस वर्षांत मी स्वतः शंभरेक जणांच्या मुलाखती घेतल्या असतील. द्यायची वेळ मात्र दहा वर्षांत आली नव्हती. मधली नोकरी ओळखीतून मिळाली, त्यात कोणी ‘थोडं सांगा’ म्हटलंच नव्हतं.

जानेवारीत आमचा विभाग बंद झाला. मॅनेजर आणि एचआर दोघं कॉलवर दिसल्यावर विषय काय ते कळतंच. दुपारी लॅपटॉप लॉक झाला. फेब्रुवारीत आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, दरवर्षीप्रमाणे ‘सुटी बघून येतो’ म्हणायची या वेळी गरज नव्हती. बायकोची नोकरी आणि मुलीची शाळा पुण्यात, म्हणून त्या दोघी तिथे राहिल्या आणि मी गावी आलो. गाव अमळनेर तालुक्यातलं. रिक्रूटर लोक ‘सध्या लोकेशन कुठलं’ विचारतात. अमळनेर म्हटलं की बहुतेकांना स्पेलिंग सांगावं लागतं. दोघांनी मात्र लगेच विचारलं, ‘विप्रोवालं अमळनेर?’ तेच. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती कंपनी सुरू झाली, कॉम्प्युटर फार नंतर आले. आमच्याकडे जुन्या लोकांच्या शेअर्सच्या गोष्टी एवढ्या चालतात की आयटीतला माणूस नोकरी गेली म्हणून गावी परत आलाय, यावर कोणाचा पटकन विश्वास बसत नाही. ‘शेअर विकायला आलाय’ अशीही एक बातमी गावात फिरली. आमच्या घरात त्यातला एकही शेअर नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या मुलाखतीकडे परत येतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. परिचय संपल्यावर त्या मुलाने विचारलं, ‘तुम्ही केलेलं सगळ्यात अवघड काम कोणतं?’ मी सांगितलं: आम्ही जुनी सिस्टीम फोडून वेगवेगळ्या सर्व्हिसेस केल्या, आम्ही डेटाबेस हलवला, आम्ही एकही दिवस बंद न ठेवता ते केलं. तो म्हणाला, ‘त्यात तुमचा वाटा?’ मी म्हटलं, मी लीड होतो, आमची सात जणांची टीम होती, आम्ही आधी... त्याने पुन्हा विचारलं, ‘बरोबर, पण तुम्ही नेमकं काय केलं?’ आवाज अगदी नम्र होता. मी पुन्हा आम्हीवर गेलो. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, काहीतरी टाइप केलं.

दोन दिवसांनी रिक्रूटरचा फोन आला. ‘सर, फीडबॅक असा आहे की तुम्ही हँड्स-ऑन वाटत नाही.’ म्हणजे स्वतः हाताने काम करणारा.

एवढा राग मला नोकरी गेल्याचाही आला नव्हता. त्या मायग्रेशनचे, म्हणजे डेटाबेस हलवतानाचे, रात्रीचे अडीचचे कॉल कोणी घेतले होते? डेटा जुळतो की नाही बघणारी स्क्रिप्ट कोणी लिहिली होती? हे सगळं मी मनात त्या मुलाला ऐकवत होतो. मग जाणवलं की हेच त्याने विचारलं होतं. दोनदा.

आता जागेची गंमत. घराच्या वरच्या खोलीवर पत्रे आहेत. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. दुपारी तीनच्या मुलाखतीला वर बसणं म्हणजे भट्टीत पापड. खाली बसावं तर आप्पांना भेटायला माणसं येणार, आणि आलेला माणूस पोरगा कॉम्प्युटरशी काय बोलतोय म्हणून कौतुकाने स्क्रीनमध्ये डोकावणार. एकदा वीज गेली, वायफाय गेलं, मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, तर टॉवरही थोड्या वेळात गेला. त्या मुलाखतीत माझं शेवटचं वाक्य ‘कॅन यू हिअर मी’ हे होतं.

शेवटी माझा चुलतभाऊ नाना याच्याकडे गेलो. नाना एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, बावीस वर्षं आहे. आधी वजनकाट्यावर बसायचा, आता सगळं तोच बघतो. सीझन संपत आलेला, गाड्या तुरळक. ऑफिसात कूलर, इन्व्हर्टर आणि ब्रॉडबँड, तिन्ही. कापसाचे तंतू कीबोर्डच्या फटीत जाऊन बसायचे तेवढाच त्रास. मी एका कोपऱ्यात टेबल लावलं आणि रोज तिथे बसून मोठ्याने सराव करू लागलो. सगळे प्रश्न मलाच विचारायचे, उत्तरंही मीच द्यायची, सगळं इंग्रजीत. नाना समोर बिलं लावत असायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंच मारता मारता म्हणाला, “वुई-वुई काय लाई ऱ्हायना तू?”

त्याला मी सांगत असलेली गोष्ट कळत नव्हती, पण ‘वुई’ हा एक शब्द सारखा कानावर पडत होता. मी त्याला मायग्रेशनची कथा मराठीत सांगितली. जुनं गोदाम रिकामं करून नव्यात माल न्यायचा, मधे विक्री थांबवायची नाही, आणि एकही गाठ इकडची तिकडे व्हायला नको, अशी. त्याला ती आवडली. ऐकून झाल्यावर म्हणाला, “चांगलं शे. पन त्यामा तू काय करं?”

बंगलोरच्या त्या मुलाने विचारलेला प्रश्न, अहिराणीत.

नानाला मग मी विचारलं, तुम्ही ग्रेडर कसा घेता? जिनिंगमध्ये ग्रेडर फार महत्त्वाचा माणूस. गाडी आली की कापूस बघून, हातात घेऊन त्याचा दर्जा ठरवतो आणि भाव त्यावर लागतो. त्याची चूक मालकाला महाग पडते. नाना म्हणाला, अनुभव किती वर्षांचा ते मी विचारतच नाही. प्रत्येक जण दहा सांगतो. मूठभर कापूस हातात देतो आणि गप्प बसतो. येणारा माणूस एक बोंड घेतो, सरकीपासून थोडे तंतू ओढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून विंचरल्यासारखे सरळ करत जातो, शेवटी सरळ झालेली बट काळ्या पँटवर ठेवून लांबी बघतो. मूठ दाबून ओल बघतो. कवडी म्हणजे किडका कापूस किती, पत्ती म्हणजे पानांचा चुरा किती ते बघतो. “तो बोलाले लागना की समजी जास,” नाना म्हणाला. जाणता माणूस कापसाबद्दल बोलतो. नवखा आधीच्या मालकाबद्दल.

हे ऐकून मला एकदम सगळं उमगलं वगैरे काही झालं नाही. थोडी चीड आली, कारण आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं उलटं असतं. मी-मी करणारा माणूस गावात कोणाला आवडत नाही. भावकीत शेत घेतलं तरी ‘आम्ही घेतलं’ म्हणतात, पैसे एकट्याने घातले असले तरी. ऑफिसातही लीड झाल्यावर टीमचं श्रेय टीमला द्यायचं, हे मी नव्या पोरांना सांगत आलो. आणि ते चूक नाही. पण मुलाखतीत समोरच्याला माझी टीम घ्यायची नसते, तो एका माणसाची जागा भरायला बसलेला असतो. त्याला त्या एका माणसाचं माप हवं असतं, आणि आम्ही म्हणत राहिलं की ते मिळतच नाही.

मी दोनशे पानी वही आणली. सवय म्हणून लॅपटॉपवर सुरुवात केली होती, पण तिथे मी वाक्यं नीटनेटकी करत बसायचो. वहीत आठ प्रसंग लिहून काढले. अनुभवी माणसाला विचारले जाणारे निम्मे प्रश्न हे शेवटी प्रसंगच मागतात: अवघड काम, फसलेलं काम, वरिष्ठांशी झालेला मतभेद, कोणाला तरी नाही म्हणण्याची वेळ, माहिती अपुरी असताना घेतलेला निर्णय. प्रश्न फिरवून विचारतात, पण आठ प्रसंग नीट माहीत असले की त्यांतला एखादा लागू पडतोच. सांगायची पद्धतही ठरलेली आहे, तिला ‘स्टार’ म्हणतात. परिस्थिती काय होती, तुमच्याकडे कोणतं काम होतं, तुम्ही काय केलं, निकाल काय लागला. माझ्या पहिल्या मसुद्यात परिस्थिती दीड पान आणि ‘काय केलं’ तीन ओळी. पेन्सिलने ‘आम्ही’भोवती गोल केले. एका पानावर तेवीस. ‘मी’ दोन, त्यातला एक ‘मी लीड होतो’.

मग प्रत्येक ‘आम्ही’पाशी थांबून स्वतःला विचारायचं: हे मी केलं, का दुसऱ्याने केलं आणि मी ठरवलं, का मी फक्त त्या खोलीत होतो? तिसऱ्या प्रकारचे बरेच निघाले. ते खोडले. खोडताना वाईट वाटलं, कारण त्यात सांगायला भारी वाटणाऱ्या गोष्टी होत्या. उरलं ते लहान होतं पण माझं होतं. उदाहरणार्थ, मायग्रेशनमध्ये जुन्या आणि नव्या डेटाबेसमधले हिशेब रोज रात्री ओळीने ताडून पाहायचे ही कल्पना माझी, स्क्रिप्ट माझी, आणि फरक शून्य येईपर्यंत सिस्टीमला नव्या डेटाबेसमधून वाचू द्यायचं नाही हा हट्टही माझा. त्यापायी तारीख तीन आठवडे पुढे गेली आणि मी शिव्या खाल्ल्या. शिव्या खाल्ल्याचं सांगायला लागल्यापासून समोरचे लोक नीट ऐकायला लागले, असं माझं निरीक्षण आहे.

परिचय दीड मिनिटावर आणला. आत्ता काय करतो ते आधी, २००५ फार तर शेवटी, तेही कोणी विचारलं तर. ‘एकोणीस वर्षं बॅकएंड, म्हणजे पडद्यामागचा सर्व्हरवरचा कोड, त्यातली शेवटची आठ पेमेंट्समध्ये. पैसे दोनदा कापले जाऊ नयेत आणि मधे हरवू नयेत, हे माझं रोजचं काम. जानेवारीत आमचा विभाग बंद झाला. तुमच्याकडे तेच काम मोठ्या प्रमाणावर आहे म्हणून अर्ज केला.’ बस. नंतर गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड गेलं.

नोकरी का सोडली, यावर आधी मी ‘नवी आव्हानं’ वगैरे म्हणायचो. रेझ्युमेवर जानेवारी लिहिलंय, एप्रिल चालू आहे, आव्हानं शोधायला माणूस तीन महिने घरी बसतो का? समोरच्याला ते कळतंच, आणि मग तो बाकीच्या उत्तरांवरही संशय घेतो. विभाग बंद झाला हे एका वाक्यात, सरळ आवाजात सांगितल्यापासून कोणी पुढे विचारलं नाही. एकाने ‘आमच्याकडेही झालं’ म्हटलं आणि पुढच्या प्रश्नावर गेला. उलट लगेच रुजू होऊ शकतो ही माझी जमेची बाजू ठरली. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड लावून बसलेले उमेदवार पाहून कंपन्या कंटाळलेल्या असतात.

पाच वर्षांनी कुठे असाल, या प्रश्नाचा एक्केचाळिसाव्या वर्षी अर्थ वेगळा असतो. त्यांना जाणून घ्यायचं असतं की तुम्हाला मॅनेजर व्हायचंय का कोड लिहायचंय. मला कोड लिहायचंय. तेवढंच सांगतो. या प्रश्नावर जास्त वेळ घालवू नये असं माझं मत.

उणीव कोणती, याला ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ म्हणणाऱ्या माणसांच्या मुलाखती मी स्वतः घेतल्या आहेत आणि मनात हसलोही आहे. आणि पहिल्या मुलाखतीत मी तेच म्हटलं. तोंडातून निघाल्यावर कळलं. खरी उणीव बायकोला फोनवर विचारली. ती म्हणाली, “अहो, तुम्ही दुसऱ्याला काम शिकवण्याऐवजी रात्री उठून स्वतः करता, आणि सकाळी त्याच्यावर चिडता.” हे वहीत जसंच्या तसं लिहिलं. पुढे त्याला ‘आता रात्रीचा कॉल ज्याची पाळी त्याच्याकडेच जातो, मी फक्त ऐकत बसतो’ हे जोडलं. ते शेवटच्या वर्षात खरंच सुरू केलं होतं, म्हणून जोडलं.

एप्रिलच्या शेवटी एका ठिकाणी तांत्रिक फेरीत पडलो, आणि ते मला लागायलाच हवं होतं. प्रश्न फ्रेशरचा: हॅशमॅप, म्हणजे जावा या भाषेतली नोंदी ठेवून पटकन शोधायची सोय, आतून कसा चालतो? मी ऐटीत सांगितलं, हॅशवरून बकेट म्हणजे कप्पा ठरतो, एकाच बकेटमध्ये अनेक नोंदी आल्या की त्यांची लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकामागे एक जोडलेली यादी होते. ‘आणि ती लिस्ट खूप लांब झाली तर?’ मी म्हटलं, तर शोध हळू होतो. मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली, ‘जावा ८ पासून काय होतं?’ जावा ८ आलं २०१४ मध्ये. टेबल पुरेसं मोठं असेल तर बकेटमध्ये आठच्या पुढे नोंदी गेल्यावर त्या लिस्टचं संतुलित झाड होतं, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. पण उत्तर माझ्या डोक्यात २००६ साली पाठ केलेलं बसलं होतं आणि तेच बाहेर आलं. दहा वर्षं जुनं उत्तर दहा वर्षं रोज जावा वापरणाऱ्याने द्यावं! पंधरा दिवस मग मूळ गोष्टी नव्याने वाचल्या. इंडेक्स कसा चालतो, ट्रान्झॅक्शनच्या पातळ्या, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर पान येईपर्यंत काय काय घडतं. लांब लिंक लहान करणारी सेवा उभी करा, हा डिझाइनचा ठरलेला प्रश्न नानाला हिशेबासकट सांगितला. बासष्ट चिन्हं (लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि दहा अंक), सात जागा, म्हणजे साडेतीन लाख कोटी वेगवेगळ्या लिंका. त्याने आकडा दोनदा विचारून घेतला आणि म्हणाला, एवढ्या लिंका टाकणार कोण?

मग १० मे. शुक्रवार. आखाजी.

खान्देशाबाहेरच्यांनी लक्षात घ्यावं, अक्षय्य तृतीया आमच्याकडे नुसता मुहूर्त नसतो. सासरच्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके लागतात, घागर भरतात, घरोघर आंब्याचा रस आणि पुरणपोळी. आणि पुरुष पत्ते कुटतात. त्या दिवशी पत्ते खेळायला जणू परवानाच असतो. त्यात १३ मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, म्हणजे प्रचाराचे शेवटचे दोन दिवस. मुलाखत अकरा वाजता. कंपनीला आखाजी माहीत असायचं कारण नव्हतं, आणि ‘आज आमच्याकडे सण आहे’ म्हणायची माझी हिंमत नव्हती. आई सकाळपासून धुसफुसत होती, “सणाच्या दिवशी कसली परीक्षा?”

जिनिंग बंद. कूलरच्या पुढे मी, बाहेर काट्याच्या शेडमध्ये वॉचमन आणि तीन हमाल पत्त्यांचा डाव मांडून. समोर स्क्रीनवर पंचेचाळिशीच्या एक बाई, मोकळ्या वाटल्या. वीस मिनिटं बरी गेली. मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्यामुळे एखादी मोठी गडबड झालीय?’

या प्रश्नाचा प्रसंग वहीत होता. २०१७ चा, दोन नोकऱ्यांपूर्वीचा. बिलं भरायच्या सेवेत बँकेकडून उत्तर यायला वेळ लागला की तीस सेकंदांनी आमची बाजू वाट बघणं सोडायची आणि ग्राहकाला ‘अयशस्वी’ दाखवायची. ग्राहक वैतागायचे. म्हणून उत्तर आलं नाही तर आपोआप पुन्हा प्रयत्न करायचा, असा बदल झाला. १ जुलै २०१७ ला शनिवार होता आणि जीएसटी लागू झाला. अख्खं ऑफिस कराचे दर बदलण्यात बुडालेलं. त्याच रिलीजमध्ये हा बदलही गेला. महिन्याची पहिली तारीख, बँका हळू. पहिली विनंती बँकेत पोचून पैसे कापले गेलेले असायचे, फक्त उत्तर उशिरा यायचं. तोवर आमच्याकडून दुसरी विनंती गेलेली. तीनशे बारा लोकांचे पैसे दोनदा कापले गेले, काहींचे तीनदा.

मी हे सांगत होतो आणि ऐन मोक्याला रस्त्यावरून प्रचाराची रिक्षा आली. भोंगा. मी म्यूट केलं, हाताने थांबा अशी खूण केली. रिक्षा काट्याजवळ थांबली, हमालांना पत्रकं वाटली. बाई वाट बघत होत्या. मिनिटभर तरी गेलं असेल. त्या मिनिटात मी वहीतलं पान बघितलं. सगळीकडे ‘आम्ही’ खोडून ‘मी’ केलं होतं: शोधून काढलं मी, रात्री अकराला सेवा थांबवली मी, दुरुस्त केलं मी. आणि वर, अगदी पहिल्या परिच्छेदात, ‘पुन्हा प्रयत्न करण्याचा बदल करण्यात आला होता’.

करण्यात आला होता. तहसील कचेरीच्या पत्रासारखं. त्या वेळी कंपनीत लिहिलेल्या अहवालातही हेच वाक्य होतं, इंग्रजीत. तो अहवालही मीच लिहिला होता.

रिक्षा गेली. अनम्यूट केलं. बाई म्हणाल्या, ‘तो रिट्रायचा बदल कोणाचा होता?’

मी म्हटलं, “माझा. ती ओळ मी लिहिली होती. जीएसटीच्या गर्दीत कोणी नीट बघणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला ते बरं वाटलं होतं, कारण लवकर जाईल.”

सात वर्षांत हे मी कोणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही. माझे कान तापले. बाहेर कोणीतरी पत्ता आपटून ओरडला.

बाईंच्या चेहऱ्यावर काहीच फरक नाही. त्या म्हणाल्या, ‘मग दुरुस्ती कशी केली?’ आणि इथून पुढची पंचवीस मिनिटं ही मी आजवर दिलेली सगळ्यात चांगली मुलाखत होती. मी सांगितलं की पहिली दुरुस्तीही चुकीचीच केली होती. प्रत्येक व्यवहाराला एक खूणक्रमांक द्यायचा, विनंती आली की तो क्रमांक आधी आलाय का बघायचं, नसेल तरच नोंद करायची. चाचणीत छान चाललं. खऱ्या सिस्टीमवर दोन सर्व्हर. दोन्हींकडे त्याच क्रमांकाच्या विनंत्या काही मिलिसेकंदांच्या अंतराने आल्या, दोघांनी बघितलं, दोघांना ‘नाही’ दिसलं, दोघांनी नोंद केली. बघणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत पैसे गेले. मग तो क्रमांक डेटाबेसमध्येच युनिक केला. आता दुसऱ्याची नोंद डेटाबेसच नाकारतो, आणि नाकारलं की पहिल्याचंच उत्तर परत द्यायचं. बाईंनी विचारलं, ‘तो क्रमांक कोण तयार करतं?’ पाठवणारी बाजू, आणि पहिल्याच प्रयत्नाआधी एकदाच. प्रत्येक प्रयत्नाला नवा काढला तर सगळंच मुसळ केरात. ‘क्रमांक तोच पण रक्कम वेगळी आली तर?’ तर नाकारायचं, गुपचूप जुनं उत्तर द्यायचं नाही. ‘आणि बँकेने काहीच कळवलं नाही तर?’ तर आधी स्थिती विचारायची, मग पुन्हा पाठवायचं. हे शेवटचं शिकायला मला आणखी एक वर्ष लागलं होतं, तेही सांगितलं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ आधी मी ‘नाही, सगळं क्लिअर आहे’ म्हणायचो. या वेळी विचारलं, तुमच्याकडे शेवटची मोठी गडबड झाली तेव्हा रात्री कोण उठलं, आणि नंतर त्या माणसाचं काय झालं? बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, ‘मी उठले. अजून इथेच आहे.’

बाहेर आलो तर वॉचमनने तिघांचे मिळून एकशे ऐंशी रुपये जिंकले होते. घरी रस गरम झाला म्हणून आई बोलली.

पुढचं भराभर झालं. एचआरच्या फेरीत अपेक्षा किती विचारलं. मी आधी ४२ लाखांवर होतो, बाजार पडलेला आहे हे मलाही दिसत होतं. आकडा आधी मी सांगितला नाही, ‘या जागेसाठी तुमचा पट्टा काय आहे’ विचारलं. त्यांनी सांगितला, त्याच्या वरच्या टोकाजवळ मागितलं आणि ३८ वर जमलं. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, फॉर्म १६, रिलिव्हिंग लेटर, पीएफचा यूएएन, सगळं त्याच आठवड्यात पाठवलं. ऑफर लेटर आलं तेव्हा मी नानाच्याच टेबलावर होतो.

“लागनी का?” नानाने विचारलं.

“लागनी.”

“कितला?”

मी अडतीस लाख म्हटलं. त्याने पेन खाली ठेवलं. मग थोडा विचार करून म्हणाला, “पन हातमा कितला येतीन? गाडीनं वजन वजा कर पहिले.”

काट्यावर भरलेली गाडी चढते तेव्हा येतो तो आकडा कापसाचा नसतो. माल उतरवून रिकामी गाडी परत चढवतात, वजाबाकी करतात, मग शेतकऱ्याला पावती. मी ऑफर लेटरचं शेवटचं पान उघडलं आणि नाना एका जुन्या पावतीमागे लिहीत गेला. कंपनी भरणार तो पीएफ, बेसिकच्या बारा टक्के: एक लाख ब्याऐंशी हजार. ग्रॅच्युइटी: त्र्याहत्तर हजार. विमा: चाळीस हजार. व्हेरिएबल, मिळाला तर मिळाला: साडेचार लाखांवर. मग माझ्या पगारातून कापला जाणारा तेवढाच पीएफ. मग इन्कम टॅक्स, सव्वासहा लाखांच्या घरात. प्रत्येक वजाबाकीला नाना “आजून?” म्हणत होता. शेवटी महिन्याला एक लाख शहाऐंशी हजारांवर आलो.

त्याने त्याखाली दोन रेघा मारल्या, ‘नेट’ लिहिलं, सवयीने तारीख टाकली आणि पावती माझ्याकडे सरकवली.